खुशीच्या डब्यातला पगार

आम्ही नवरा-बायकोनं बरोबर केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. मोर्शीहून तिच्या भावानं पिशवीभर शेंगा पाठवल्या होत्या. थंडीचे दिवस होते. सकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं आणि आम्ही पाय लांब करून बसलो होतो, मध्ये परात. तिचा हात भारी चाले. माझ्या तीन शेंगा होईपर्यंत तिच्या दहा व्हायच्या. मी निम्मे दाणे तोंडात टाकत होतो, ते तिला दिसत होतं.

"भाजीपुरते राहू द्या," ती म्हणाली. "बकरी शिरली का आंगात?"

"दोन दाणे खाल्ले तं एवढं?"

"दोन? तुमचे दोन मले चाळीस वर्सांपासून ठाऊक हाय."

तिनं आणखी मूठभर शेंगा पुढे ओढल्या.  नंतर खाली मान घालूनच म्हणाली, "उद्या ऑफिसात तारीख हाय."

"ठाऊक हाय."

"जासान ना?"

"पाहू."

"पाहू पाहू करता करता म्हतारी झाली मी. मी पैशासाठी नाई म्हणून राह्यली. एक डाव त्या मॅडमसमोर म्हणा, का तो पगार नोता. बस. एक डाव."

मी म्हणालो, "नीट निवड. कीड हाय त्याच्यात."

हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं. चाळीस वर्षांच्या संसारात शेवटी मी तिला काय सांगितलं, तर शेंगेत कीड आहे.

ती अमरावतीतल्या एका खासगी बाळंतपणाच्या दवाखान्यात मावशी होती. आया म्हणत नाहीत तिथं, मावशीच म्हणतात. फरशी पुसायची, बाळंतिणीला उठवायचं-बसवायचं, कपडे बदलायचे, आणि मूल झालं की ते धुऊन, कपड्यात गुंडाळून बाहेर आणून घरच्यांच्या हातात द्यायचं. हे शेवटचं काम सगळ्यांत मानाचं. दारात माणसं उभी असतात. मावशी मूल घेऊन येते आणि खुशी घेतल्याशिवाय मूल देत नाही. कोणी शंभर देतो, कोणी पाचशे, कोणी अंगावरची शालच काढून देतो. वरूडकडची माणसं संत्र्याचं अख्खं कॅरेट आणत. हिवाळ्यात आमच्या घरात संत्र्याच्या सालींचा वास जायचा नाही.

मुलगा झाला की माणसं स्वतःहून खिशात हात घालत. मुलगी झाली की एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. दुसऱ्या मावश्या मुलीच्या वेळी काही मागत नसत, गुपचूप मूल देऊन परत जात. ही उलटी. मुलगा असला तर जे देतील ते घ्यायची. मुलगी असली तर दारात ठाण मांडून उभी राहायची. "काहून? पोट्टी झाली तं खुशी नाई झाली का? काढा पैसे, नाईतर मी घरी नेतो हिले." माणसं हसायची, लाजायची आणि द्यायची. मी एकदा विचारलं, की मुलीच्या वेळी एवढी काहून भांडतेस? म्हणाली, "पैसे मोजले का माणूस वस्तू जपते. फुकटची कोणी जपत नाई." तिचं असंच बोलणं होतं. गोड बोलणं तिला येत नव्हतं आणि मलाही.

पण ती खुशी तिच्या पदरात पडत नव्हती. काउंटरवर स्टीलचा एक डबा होता, झाकणाला चीर पाडलेला, कुलूप लावलेला. मिळालेली खुशी त्या डब्यात टाकायची, असा नियम. वर कॅमेरा होता. दवाखान्यात तीन मावश्या होत्या. महिना झाला की कॅशिअर डबा उघडे, त्यातले पैसे तिघींच्या वाट्याला घाली, कमी पडले तर वरून थोडे टाकी, आणि तो त्यांचा पगार. खुशी जास्त आली त्या महिन्यात दवाखान्याचे फार थोडे जात. पगाराच्या मस्टरवर मात्र सरकारनं ठरवलेला पूर्ण आकडा लिहिलेला असे.

आणि त्या आकड्यापुढे सही माझी.

ती शाळेत गेली नव्हती. मी चौथी शिकलो होतो आणि मला सही येत होती. कॅशिअरच्या खिडकीत उभं राहायची तिला लाज वाटायची. म्हणून एक तारखेला मीच जायचो. खिडकीतला कॅशिअर मला बसायला स्टूल द्यायचा. "काका, खुशी धरून इतके होतात ना?" असं विचारायचा. होत असत. मग मी पेन घेऊन डाव्या हातानं कागद दाबून सावकाश सही करायचो. माझी सही चांगली येते. शेवटच्या अक्षराला मी शेपटी काढतो. किती वर्षं मी अशी सही केली ते आता सांगता येत नाही, पण आमच्या मुलीचं लग्न झालं त्याच्याही आधीपासून करत होतो.

कोणी म्हणेल, म्हातारा येडा होता. येडा नव्हतो. मला त्यात काही खोटं वाटलंच नाही. मी स्वतः उमर घालवली अकोल्यात, स्टँडजवळच्या एका हॉटेलात, टेबल पुसण्यात आणि ताटं वाढण्यात. मालकानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "जेवण माझं, झोपायची जागा माझी, टेबलाचं तुझं." टेबलाचं म्हणजे बडीशेपेच्या बशीत गिऱ्हाईक ठेवून जाईल ते. त्यावर मी लग्न केलं, मुलगी मोठी केली. बशीत नोट दिसली की मला वाटायचं, हा माझा पगार. मालकाकडून काही यायला हवं, हे कोणी मला सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. दुसऱ्या हॉटेलातही तसंच होतं. पुढं गुडघे गेले, उभं राहवेना, मग आम्ही अमरावतीला आलो. काही दिवस नांदगाव पेठेला एका कंपनीच्या गेटवर बसलो, तेही सुटलं. त्यानंतर घर तिच्यावर चाललं. तिच्या कमाईची सही मी करायचो, त्यात मला थोडी इज्जतही वाटायची, हेही लिहून टाकतो.

मग एक दिवस कामगार ऑफिसच्या मॅडम दवाखान्यात तपासणीला आल्या. कपडे धुवायच्या जागेत मावश्यांजवळ उभ्या राहून बोलल्या. त्या दिवशी ती घरी आली ते चपला न काढताच बोलायला लागली.

"मॅडम म्हणे का खुशी पगारात धरताच येत नाई."

"कोण म्हणते?"

"कायदा म्हणते. सरकारनं जो कमीत कमी पगार ठरवला, तो मालकानं आपल्या खिशातून द्याव. लोकायनं खुशीनं देल्लं ते आपलं, वरचं. त्याच्यातून पगार द्याचा नाई."

मी हसलो. "टेबलाचं टेबलवाल्याचं. तेच तं भेटून राह्यलं तुले."

"मले काय भेटून राह्यलं? लेकराची खुशी मी घेतो, डब्यात टाकतो, अन् तेच पैसे मले पगार म्हणून वापस. मंग मले कामाले ठेवलं कोणं? दवाखान्यानं का लोकायनं?"

 मी म्हणालो, "पैसे ते पैसे. त्याच्यावर का नाव लिहिलं असते?"

"तुमाले नाई कळाचं," ती म्हणाली, आणि चपला काढून आत गेली. त्या दिवशी भाकरीबरोबर तिनं मला नुसतं तिखट वाढलं.

तिघींनी मिळून अर्ज केला. दोघींनी सह्या केल्या, हिनं अंगठा लावला. दवाखान्याच्या मालकीण डॉक्टरीण बाईंनी कोणाला कामावरून काढलं नाही. फक्त हिला बाळंतिणींच्या खोलीतून काढून खाली चादरी धुवायला लावलं. आता मूल हातात घ्यायचं काम नाही. दारात उभं राहून भांडायचं काम नाही. पंधरा दिवसांत दुसऱ्या दोघींनी अर्जातून नावं मागं घेतली. त्यांना मी दोष देत नाही, घरी लेकरं होती. ही राहिली. संध्याकाळी घरी आली की हात सोड्यानं पांढरे पडलेले असत. एकदा सांगू लागली, "आज वरती पोट्टी झाली. मले जिन्यात आयकू आली रडताना. कोणं काई मागतलं नाई. तशीच घेऊन गेले, गप." एवढंच बोलली, पण जेवली नाही.

कामगार ऑफिसात पहिली तारीख लागली तेव्हा मला बोलावलं, कारण मस्टरवरच्या सह्या माझ्या. मॅडमसमोर एका बाजूला आम्ही दोघं, दुसऱ्या बाजूला कॅशिअर आणि त्यांचा वकील. मॅडमनी मस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"काका, ही सही तुमची?"

"हाव, माहीच."

"एवढी रक्कम मिळाली होती?"

मी आकडा पाहिला. कॅशिअर माझ्याकडे पाहत होता. चांगला माणूस आहे तो, मला स्टूल द्यायचा. माझ्या मनात आलं की सही आपण केली, कोणी हात धरून करून घेतली नाही. आता नाही म्हटलं तर माणूस खोटा ठरतो. आणि खोट्या सहीला जेलही असेल, कोणाला ठाऊक.

"भेटली," मी म्हणालो.

"दवाखान्यानं दिली, की खुशीच्या डब्यातली धरून?"

मला तिथंच सांगता आलं असतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणालो, "पैसे भेटले मॅडम. सही केली म्हणजे भेटलेच असतीन."

वकिलानं ते लगेच लिहून घ्यायला लावलं.

बाहेर आल्यावर आम्ही चालत निघालो. ती चार पावलं पुढं होती. राजकमल चौक आला. तिथं गाड्यांसाठी थांबली, तेव्हा मागे न पाहता म्हणाली, "तुमची सही लय चांगली येते." त्यानंतर त्या विषयावर ती माझ्याशी भांडली नाही. फक्त पुढच्या प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी विचारायची, जासान ना? आणि मी म्हणायचो, पाहू. मग एकटीच जायची, बसायची, त्यांच्या वकिलाला वेळ नसायचा, पुढची तारीख घेऊन यायची.

त्या शेंगांच्या दिवशीही तेच झालं. दाणे सोलून झाले. तिनं परातीतले दाणे पातेल्यात काढले, वर ताट झाकलं, आणि टरफलं शेजारच्या बकरीला टाकायला उठली. टरफलांची टोपली घेऊन ओट्याच्या दोन पायऱ्या उतरली आणि तिसऱ्या पायरीवर बसली. मला वाटलं, चप्पल घालते आहे. माझी तर नेत नाही ना, असं मनात आलं. ती बसूनच राहिली. टोपली कलंडली तेव्हा मी उठलो.

शेजारच्यानं ऑटो आणला. वाटेतच गेली. दवाखान्यात नुसतं पाहून सांगितलं.

दुपारी अकोल्याहून मुलगी-जावई आले, मोर्शीहून मेहुणा आला. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला नेलं. त्या दोन मावश्या आल्या होत्या, ड्यूटीतून सुटून तशाच, निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत. एकीनं माझ्या मुलीला मिठी मारली आणि म्हणाली, "माह्या पोरीच्या पोट्टीच्या वेळेस तिनं जावयाकडून पाचशे काढले होते, वाघावानी उभी होती दारात." सगळ्या बाया रडता रडता हसल्या. मी पुरुषांत बसलो होतो, मला हसताही आलं नाही आणि रडताही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. शेजारणीनं चहा आणून दिला. कोणीतरी आत आणून चुलीजवळ ठेवलेलं पातेलं तसंच होतं, वर ताट झाकलेलं. मी ताट उचलून पाहिलं. दाणे वरून काळवंडले होते. पुन्हा झाकलं. खुंटीवरचा सदरा घातला.

"कुठं चालले भाऊजी?" मेहुण्यानं विचारलं.

"ऑफिसात. तारीख हाय."

"येडे झाले का? सुतक हाय. लोक भेटाले येऊन राह्यले. उद्या राख सावडाची हाय."

"राख उद्या हाय ना? तारीख आज हाय."

मुलगी म्हणाली, "बाबा, आई गेली. आता कायची तारीख?"

तिला मी काय सांगणार होतो? ती जिवंत असताना इतक्या तारखा गेल्या, पहिलीनंतर एकीलाही गेलो नाही. चप्पल पायात घातली आणि निघालो.

ऑफिस उघडायचं होतं. बाहेरच्या बाकावर बसलो. अकरा वाजता मॅडम आल्या, कॅशिअरही आला, वकील नव्हता. मॅडमनी फाईल उघडली. "काकू आल्या नाहीत?"

"काल गेली."

मॅडम खुर्चीवरून उठल्या. कॅशिअर म्हणाला, "अरे, काय सांगता काका? काल तं... तुमी घरी राहाले पाह्यजे होतं." त्यानं स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसलो नाही.

मॅडम म्हणाल्या, "काका, मी पुढची तारीख देते. तुम्ही सावरा आधी."

"नको. आजच लिहा. मले सांगाचं हाय."

मग मी सांगितलं. सही माझी. आकडा खोटा. दवाखान्यानं कधीच तेवढे दिले नाहीत. डब्यातले होते, लोकांनी लेकरांच्या नावानं दिलेले, ते तिचेच होते, तेच तिला पगार म्हणून दिले. पगार नव्हता तो. "पगार नोता तो," असं मी तिच्याच शब्दांत दोनदा म्हणालो. माझा आवाज मोठा झाला असावा, कारण बाजूच्या टेबलावरचा बाबू टायपिंग थांबवून पाहायला लागला. कॅशिअर खाली पाहत होता.

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग पेन ठेवून म्हणाल्या, "काका, कायदा काकूंच्या बाजूनंच होता. पण आता तुमचे दोन जबाब झाले. त्यांचा वकील पहिलाच दाखवेल, वर तुमच्या सह्या आहेत. बाकी दोघींनी नावं मागं घेतली. मी लिहीन माझ्याकडून, पण खोटी आशा देत नाही."

"मी आशेसाठी नाई आलो," मी म्हणालो.

"आणि अर्ज पुढं चालवायचा तर त्यांच्या जागी वारस म्हणून तुमचं नाव लावावं लागेल. मृत्यूचा दाखला आणा."

तिच्या जागी माझं नाव. मस्टरवरही तेच होतं. 

त्यांनी लिहिलेला जबाब मला वाचून दाखवला आणि कागद फिरवून माझ्यापुढे ठेवला. तिच्या अर्जावरचा अंगठा त्याच फाईलमध्ये, दोन पानं खाली, दिसत होता. जांभळा, एका बाजूला जास्त दाबलेला.

"अंगठा लावतो," मी म्हणालो. "शाई द्या."

बाबूनं मॅडमकडे पाहिलं. "यांना सही येते ना? मागच्या जबाबावर सही आहे. सही येणाऱ्याचा अंगठा घेता येत नाही काका. सहीच करावी लागते."

"लावू द्या ना. एक डाव."

"नाही चालत काका," मॅडम हळू म्हणाल्या. "मग हाही जबाब खोटा ठरवतील."

त्यांनी पेन पुढे केलं. मी डाव्या हातानं कागद दाबला आणि सही केली. सही तशीच आली, दर महिन्याच्या एक तारखेला यायची तशी, शेवटच्या अक्षराला शेपटीसुद्धा.